साडेसहाला मंदावणारं यंत्र

दिवेलागणीला धारूरच्या घाटाखालच्या हॉटेलपुढे माणसं जमायची, ती जेवायला नव्हे. विजेच्या गाड्या चार्ज करायच्या यंत्रात सिदू कसा शिरतो, ते बघायला.

सिदू म्हणजे छबुबाईचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी उसाचा ट्रॅक्टर उलटून तो हॉटेलपुढच्या वळणावर गेला. छबूने तिथे एक दगड उभा केला, शेजारी चहाची टपरी टाकली. रोज साडेसहाला ती दगडापुढे दिवा लावते. पुढे हॉटेलच्या आवारात यंत्र आलं. दिवसभर ते झपाट्याने चालायचं, पाऊण तासात गाडी मोकळी. पण छबूने दिवा लावला, की त्याच्या पंख्यांची घरघर घशात अडकल्यासारखी खाली जायची आणि पडद्यावरचा साठ किलोवॉटचा आकडा पंधरावर यायचा. मी स्वतः पाहिलंय. अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगू?

"पितोय! करंट पितोय!" सुग्रीव भगत घुमायचा. "अकाली गेलेलं पोर हाय. लिंबू-नारळावर भागंना त्याचं, आता थ्री फेज मागतंय!"

"मग उपाय काय, बुवा?" गर्दीतून कुणीतरी विचारायचं.

"दगड उपटा, टपरी उठवा, म्हातारीला शिवंपल्याड सोडा. अवसेच्या आत!"

हॉटेलचे मालक अमरसिंह खुर्चीतून मान हलवायचे. "मला लई वाईट वाटतं, छबुबाई. पण गाडीवाले तीन-तीन तास ताटकळतेत. गावाचं नाव जातंय."

छबू रडत नव्हती, त्याचीच मला धास्ती वाटली. मला बाजूला घेऊन तिने विचारलं, "आक्का, खरंच माझा सिदू आसंल का गं त्यात? तहानलेला?"

मला चंद्रभागाबाई दिसू लागली. आमच्या गावात पहिल्यांदा तारा आल्या, तेव्हा तिच्या गल्लीतले दिवे सारखे जायचे. तिची नजर विजेला बाधते, असं गावाने ठरवलं आणि तिला हाकलून दिलं. महिन्याभराने कळलं, खांबावरचा जोड सैल होता. मी चौदा वर्षांची होते, गर्दीत गप्प उभी होते. गाठोडं घेऊन जाणारी तिची पाठ अजून माझ्या झोपेत येते.

त्याच आठवड्यात यंत्राची देखभाल करायला अंबाजोगाईची सायली आली. विशी-पंचविशीची पोरगी. या खेपेला मी गप्प राहिले नाही. तिला टपरीवर बसवून सगळं सांगितलं. ऐकून घेऊन ती छबूला म्हणाली, "मावशी, आज दिवा लावूच नका. बघू."

गर्दी दुप्पट झाली. साडेसहा वाजले. दिवा नव्हता. तरी घरघर बसली, आकडा पंधरावर आला.

"दिवा न्हाई म्हणून चिडलंय!" भगत ओरडला.

"बरं," सायली म्हणाली, "उद्या भर दुपारी लावू."

दुसऱ्या दिवशी बाराला छबूने दिवा लावला. आकडा साठवरून हलला नाही.

"दुपारचं झोपतंय ते," भगत पुटपुटला.

"काल दिव्याबिगर पीत होतं, आज दिवा आसून झोपलं?" गर्दीतले शेतकरी बबनराव हसले. "बुवा, एक कायतरी ठरवा की!"

सायलीने फोन उघडून सगळ्यांपुढे धरला. "हे बघा. साडेसहा ते दहा, पंधराच्या वर जायचं नाही, असं यंत्राला सांगून ठेवलंय. संध्याकाळी विजेचा दर चढतो, दुपारी उन्हाची वीज असते तेव्हा उतरतो. गाडीवाल्याकडून मात्र दिवसभर एकच दर घेतात. म्हणून संध्याकाळी यंत्र जितकं कमी चालेल, तितकं बिल भरणाऱ्याला बरं."

"कुणी सांगून ठेवलंय?" मी विचारलं.

"मालकांनीच. बिल तेच भरतात." मग तिने फोनवरच एक नकाशा दाखवला. "आणखी चार यंत्रं यायची आहेत. गाड्या आत घ्यायचा रस्ता टपरीवरून काढलाय."

बबनराव अमरसिंहांकडे वळले. "आमच्या शेतातल्या मोटारीची लाईट ठरल्या वारावर येती, ठरल्या वारावर जाती. तवा कुणाला भूत दिसत न्हाई. मग हितंच काऊन दिसलं, मालक?"

अमरसिंह उठून आत गेले. भगत केव्हाच सटकला होता. टपरी उठवायला नंतर कुणी आलं नाही. यंत्रांचा रस्ता हॉटेलच्या मागून निघाला.

त्या दुपारी छबूने सायलीचा हात धरला. "म्हंजे तो त्यात न्हाई?"

"नाही, मावशी."

छबू यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. मग पहिल्यांदा रडली. "बरं झालं. तहानलेला न्हाई माझा सिदू."

म्हणून सांगते. भूत दिसलं, की आधी घड्याळ बघा. ज्या गोष्टीला भुताचं कारण म्हणतात, ती एकदा करून बघा, एकदा न करता बघा. आणि भूत काढल्यावर रिकामी झालेली जागा कुणाला मिळणार, हे मोठ्याने विचारा. गर्दीतलं एक माणूस विचारतं, तेव्हा बाकीच्यांनाही कंठ फुटतो.