साखळीवरचे घोंगडे

साखळीवरचे घोंगडे मी काढले होते. एवढे एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला वर्ष लागले, आणि त्या वर्षभरात एका माणसाचे नाव, मार बसलेल्या पत्र्यासारखे, आत आत दबत गेले.

अणदूरला महामार्गाच्या कडेला माझे गॅरेज आहे. अपघातात चेंबलेल्या गाड्या तिथे सरळ होतात. मायाप्पाअण्णा तिथले मिस्तरी. डोळे मिटले की मला ते थंडीतल्या सकाळच्या उजेडातच दिसतात. शेडच्या पत्र्याखालून तिरपे ऊन आत उतरलेले, त्यात पॉलिशची धूळ सोन्याच्या भुकटीसारखी तरंगणारी, आणि त्या धुळीत उभा एक उंच, हडकुळा माणूस. मिशांना मेंदी, कानात बाळी, खांद्यावर स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचे काळे घोंगडे. गाडीच्या दाराला कान लावून ते बोटाच्या पेराने टकटक करीत आणि वैद्याने छातीचे ठोके ऐकावेत तसे ऐकत राहत. पत्रा कुठे ताणला आहे, कुठे सैल पडला आहे, कुठे आधीच्या मिस्तरीने लांबीचा लगदा भरून खोटे अंग उभे केले आहे, ते त्यांना आवाजावरून कळे. "हितं रुसलाय बघा," असे म्हणून ते खडूने एक वर्तुळ काढत. याचा त्यांना मोठा अभिमान होता, आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. "तुमाला डोळं दिलेत मालक, कान द्यायचं देव इसरला," असे ते मला चारचौघांत सुनावत आणि स्वतःच मोठ्याने हसत.

गाडी ओढून सरळ करायचे आमच्याकडे एक फिरते यंत्र आहे. चाकांवरचा लोखंडी सांगाडा, त्यावर तेलाच्या दाबाने सरकणारा जॅक, हाताने मारायचा पंप, एक जाड साखळी आणि पत्र्यात दात रोवून बसणारा क्लॅम्प. आम्ही त्याला पुलर म्हणतो. अण्णा त्याला रेडा म्हणत. टेम्पोत घालून कुणाच्या शेतात, कुणाच्या वस्तीवर न्यायची वेळ आली, की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "चल रं रेड्या, पाव्हण्याकडं जायचंय."

त्या यंत्राशी वागण्याची त्यांची एक रीत होती, आणि मी पाहिलेल्या कुठल्याही पूजेपेक्षा ती अधिक निष्ठेने पाळलेली होती. साखळी ताणण्याआधी ते खांद्यावरचे घोंगडे उतरवत, एकदा झटकत आणि साखळीवर पसरत. क्लॅम्प निसटलाच, तर उसळलेल्या साखळीचा जोर त्या जाड लोकरीत मरावा, म्हणून. मग ते बाजूला सरून पंपाचा दांडा धरत. साखळीचा एकेक दुवा ताठ होई, लोखंडातून एक बारीक कण्हणे निघे, आणि काळ्या घोंगड्याखाली जणू काही जनावर श्वास रोखून बसे. त्या ताणात ते घाई करत नसत. ताण तसाच धरून ठेवून हातोडीने भोवतीचा पत्रा हलके हलके ठोकत. "जुना आकार त्याच्या ध्येनात असतो," ते म्हणत. "एकदम सोडलं की परत तितंच जातंय. त्याला इसरायला वेळ द्या." शेवटी ताण सोडून ते पेराने ठोकत, मान कलती करत आणि म्हणत, "बघू, धरतंय का."

आणखी एक नियम होता. गाडीला जे मार बसले, त्यांतला शेवटचा आधी काढायचा आणि पहिला सगळ्यांत शेवटी. "आलं त्या वाटनं उलटं जायचं," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. पुढे हा नियम मला माझ्यावरच चालवावा लागेल, हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

थंडीत आमचा खंडोबा नळदुर्गला मुक्कामाला जातो आणि पौषातली यात्रा झाली की परत येतो. ते दिवस अणदूरला थोडे पोरके असतात. अण्णा मात्र जाता-येता देवळाच्या कळसाकडे बघून हात जोडतच. कुणी हटकले, तर म्हणत, "देव गेलाय, जागा कुटं गेलीय?"

त्याच दिवसांत माझे व्याही भूमहून आले. माझ्या मुलीचे सासरे. त्यांच्या जीपने उसाच्या ट्रॉलीला मागून धडक दिली होती, आणि पुढचा एक कोपरा आत गेला होता. गाडी तयार असेल असे समजून ते आले. ती तयार नव्हती. कोपरा अजून पुलरला जोडलेला होता, साखळी नुकतीच लावली होती, वर घोंगडे पसरलेले होते आणि अण्णा हात धुवायला गेले होते. शेडमधल्या खुर्च्या तेलकट. सिमेंटचा कट्टा बर्फासारखा गार. मुलीचा बाप आपल्या दारात तिच्या सासऱ्याला कुठे बसवतो, याला आमच्याकडे फार अर्थ असतो. मी साखळीवरचे घोंगडे उचलले, झटकले आणि कट्ट्यावर अंथरले. व्याही ऐसपैस बसले. घोंगड्यावर बसवले म्हणून खूशही झाले.

अण्णा परत आले. उघडी साखळी पाहून थांबले.

"घोंगडं कुटंय?"

"पाहुणे बसलेत त्याच्यावर," मी हळू आवाजात म्हणालो. "राहू द्या अण्णा. थोडाच ताण द्यायचाय."

"उगडी साकळी न्हाय वडत म्या."

माझ्या चेहऱ्यावर काय होते, ते मला दिसत नव्हते, त्यांना दिसले. जरा उठता का, एवढे तीन शब्द व्याह्यांना म्हणायला माझी जीभ रेटली नाही. अण्णांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. माझी मुलगी लहान असताना याच शेडमध्ये त्यांच्या खांद्यावर बसून गाड्यांचे हॉर्न वाजवायची. ते पंपापाशी गेले. माझी लाज राखण्यासाठी त्यांनी आपली रीत मोडली.

क्लॅम्पचे दात सुटल्याचा आवाज मला आठवत नाही. आठवते ती त्यानंतरची शांतता, आणि डाव्या कानावर हात दाबून खाली बसलेले अण्णा. त्यांच्या बोटांमधून ओघळणारे रक्त उन्हात फार लाल दिसत होते.

जीव वाचला. डावा कान गेला.

चूक इथवरच थांबली असती, तर कदाचित मी लवकर बोललो असतो. पण त्याच संध्याकाळी गॅरेजशेजारच्या चहाच्या टपरीवर लोक जमले. व्याही शेजारीच होते, आणि तुमच्यासाठी घोंगडे काढले असे त्यांच्यासमोर म्हणवेना. कुणीतरी विचारले, "मिस्तरी एवढा जपून वागणारा, झालं कसं?" आणि मी म्हणालो, "वय झालं. घोंगडं टाकायचं विसरले." वाक्य किती सहज निघाले! चहाच्या वाफेसारखे ते टपरीभर पसरले, आणि वाफेसारखे विरून मात्र गेले नाही.

दवाखान्यात मी त्यांची क्षमा मागितली, हेही सांगायला हवे. पण ती मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून मागितली, पट्टी बांधलेल्या कानाशी, पुटपुटत. कोणत्या बाजूला बसायचे, ते मी ठरवूनच बसलो होतो.

ते कामावर परतले, तेव्हा त्यांच्या ठोकण्यात काहीतरी हरवले होते. पेराने ठोकत, मान वळवत, पुन्हा ठोकत. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आवाज येतो मालक. पर कुटनं येतो ते कळंना." एका कानाच्या माणसाला आवाजाची दिशा सापडत नाही, हे मला तेव्हा कळले. साऱ्या जगाचे आवाज त्यांच्याकडे येत होते, आणि त्यांतला एकही आपले घर सांगत नव्हता. तरीही ते शिकले असते. त्यांचा हात अजून शहाणा होता. पण गिऱ्हाइके दबक्या आवाजात मला म्हणू लागली, "मिस्तरी विसरतो म्हणे हल्ली. दुसऱ्याकडून करा." आणि मी मान डोलावत राहिलो. टपरीवर एका ड्रायव्हरने त्यांच्या तोंडावरच थट्टा केली, "काय अण्णा, आज घोंगडं आणलंय का घरीच इसरलंय?" सगळे हसले. अण्णांनी हसणाऱ्यांकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. मी कपात पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी शेडमधल्या ज्या खिळ्यावर ते घोंगडे टांगत, तिथून काढून त्यांनी ते खांद्यावर टाकले. "हे माजं हाय. नेतो," म्हणाले, आणि गेले. भावाच्या मेंढरांमागे माळावर दिसू लागले. गॅरेजमध्ये दुसरे मिस्तरी आले, साखळीवर जुनी गोणपाटे पडू लागली, कामे होत राहिली. फक्त सकाळचे तिरपे ऊन आत आले, की ते एका रिकाम्या जागेवर पडे आणि तिथेच थोडा वेळ थांबे.

पुन्हा थंडी आली. देव नळदुर्गला गेला आणि यात्रा करून परत आला. त्या दिवशी सारे गाव रस्त्यावर होते. हवेत भंडारा, टपरीवर गर्दी. भंडाऱ्याने पिवळे झालेले घोंगडे पांघरून अण्णा टपरीच्या बाकावर बसले होते. भोवती तीच माणसे, तो ड्रायव्हरसुद्धा. मी त्यांच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाशी जाऊन उभा राहिलो.

"ऐका सगळे," मी म्हणालो. माझा आवाज चिरकला. मग मी त्यांच्याच रीतीने गेलो. शेवटचा मार आधी. "मिस्तरी घोंगडं विसरले, असं मी इथं बसून सांगितलं होतं. ते खोटं होतं." त्याच्या आधीचा. "उघडी साखळी ओढत नाही, असं ते म्हणाले होते. मीच राहू द्या म्हणालो." आणि सगळ्यांत पहिला. "घोंगडं मी काढलं होतं. व्याह्यांना बसायला."

अण्णा समोर रस्त्याकडे बघत राहिले.

"ऐकू आलं न्हाय," ते म्हणाले. "मोट्यानं बोल, सुधाकर."

आजवर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. एक ट्रक धडधडत गेला. तो पार लांब जाईपर्यंत मी थांबलो. तो ताण त्यांनीच धरून ठेवला होता, आणि मला तो सोडून पळता येत नव्हते. मग मी सगळे पुन्हा सांगितले, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि म्हणालो, "अण्णा, तुमचा कान माझ्यामुळं गेला. नाव तर मीच घालवलं. मला माफ करा."

त्यांनी टपरीच्या पत्र्यावर पेराने टकटक केली, मान उजवीकडे कलती केली आणि ऐकले.

"बघू," ते म्हणाले, "धरतंय का."

गॅरेजमधला तो खिळा अजून रिकामा आहे. दुसरे काही मी त्यावर टांगू देत नाही. देव गेलेला असतानाही देऊळ त्याची जागा जशी राखते, तशी मी ती राखून आहे, आणि सकाळचे ऊन रोज तिथे येऊन पाहून जाते.