मिस्त्रींची कोंडी

गेले दोन महिने मिस्त्री मागच्या खोलीत अडकून पडले होते. जन्मभर लाकडाचा भुसा छातीत गेलेला. गेल्या वर्षी न्यूमोनियाची लस घेतली, तरी यंदा फ्लूने गाठलंच. आठ दिवसांनी ताप उतरला आणि लेकीने फर्मान काढलं, "लस कुचकामी निघाली. आता लसही नको आणि बाहेर जाणंही नको!"

खिडकी बंद, दार ओढलेलं. रंधा चालवणारे हात मांडीवर पडून. खोली अगदी खायला उठायची.

"अगं, निदान दारात तरी बसू दे."

"बाबा, हट्ट करू नका!"

एका सकाळी लेक चहा घेऊन आली ती खोकतच. तिच्या कचेरीत निम्मी माणसं तापाने झोपली होती, पण तिने फ्लूची लस घेतलीच नव्हती. शेजारच्या नर्सबाई मिस्त्रींचं ब्लडप्रेशर बघत होत्या. त्यांनी मान वर केली.

"बापाला कोंडलंस, आणि ताप तूच आत घेऊन आलीस की गं!"

लेक चपापून दारातच थांबली. "पण लस घेऊनही फ्लू झालाच ना त्यांना?"

"होणारच! ती न्यूमोनियाची लस एका जिवाणूला अडवते. फ्लूचा विषाणू निराळा, त्याची लसही निराळी, दरवर्षी घ्यायची. पण विषाणूने छाती खिळखिळी केली, की पाठोपाठ हा जिवाणू घुसतो आणि जिवावर बेततं. त्या दुसऱ्या संकटापासून न्यूमोनियाची लस बरंच राखते."

"म्हणजे बाबा तिच्यामुळेच वाचले?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार. पण जे तिचं कामच नाही, त्यावरून तिला नावं का ठेवायची?"

मिस्त्री हसले. "करवतीने खिळा ठोकता येत नाही, म्हणून मी ती कधी फेकली नाही बाई!"

लेकीचे डोळे भरून आले. "मी तुम्हाला जपत नव्हते हो बाबा, माझी भीती जपत होते!"

तिने तेव्हाच खिडकी उघडली आणि बरी होईपर्यंत स्वतः पलीकडच्या खोलीत राहिली. सुदैवाने मिस्त्रींना काही झालं नाही. पुढे दोघं मिळून फ्लूची लस घ्यायला गेली, तेव्हा दवाखान्यातलं डुगडुगतं बाक मिस्त्रींनी वाकून तपासलं आणि कंपाउंडरला चांगलं फैलावर घेतलं. लेक कितीतरी दिवसांनी मनमोकळं हसली.

वाचकहो, अर्धवट माहितीपायी आपण आपल्याच माणसांना कोंडून घालतो. कुठली लस कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्या थकल्या जिवाला जपायचं असेल, तर आधी स्वतःचा दंड पुढे करा!