दुखतंय ते सांगायचं

मंडळी, खोटं बोलायला आपण मुलांना घरातच शिकवतो, आणि तेही मायेपोटी! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी नेमकं हेच केलं. त्यांच्या सात वर्षांच्या लेकीला घरात साळुंकी म्हणत, कारण तोंड म्हणून मिटायचं नाही. तिचा कॅन्सर एकदा बरा होऊन पुन्हा उलटला. नेहमीच्या औषधांनी हात टेकले, तेव्हा हॉस्पिटलने तिला नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. बुडत्याला काडीचा आधार मिळाला.

पण औषध सुरू झालं आणि पोरीचे पाय ठणकू लागले. हे कळलं तर चाचणीतून काढून टाकतील, मग पुढे सगळा अंधारच, या भीतीने मिस्त्रींनी तिला बजावलं, डॉक्टरीणबाईंना काही दुखत नाही असंच सांगायचं. एरवी अखंड बडबडणारी साळुंकी तिथे मिठाची गुळणी धरून बसू लागली.

एके सकाळी मिस्त्रींची बहीण आली. भाचीला जिना चढवेना, हे पाहून आत्याने खोदून विचारलं. मिस्त्रींनी आपली युक्ती सांगितली, तशी तिने कपाळावर हात मारला.

"दादा, लिफ्ट कुरकुरत होती तर आधी का नाही सांगितलं, म्हणून तू लोकांवर केवढा उखडतोस! मग आता? पोरांना हे औषध किती सोसतं, हेच तर ते शोधताहेत. तू लपवलंस तर हिचे हाल होतीलच, शिवाय उद्या दुसऱ्याच्या लेकरालाही एवढाच डोस देतील. ते पाप कुणाच्या माथी?"

मिस्त्रींना एकदम रडू फुटलं. त्यांनी लेकीला उचललं आणि तडक हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. मग लेकीला तपासून म्हणाल्या, "लगेच काढत नाही हो. औषध थोडं थांबवू, मग डोस कमी करू. सांगितलंत हे बरं केलंत."

पुढच्या तपासणीत गाठ लहान झालेली दिसली आणि मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. वाट अजून लांब होती, पण साळुंकी स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

मंडळी, चाचणीत आपलं लेकरू एकटं नसतं. त्याच्यामागे न पाहिलेली कितीतरी लेकरं उभी असतात. त्याचं दुखणं लपवणं ही माया नव्हे, खरं सांगणं हीच माया!

"आज काय दुखतंय?" त्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं. साळुंकीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली, सांग.

"पाय नाही. कान दुखतात," ती म्हणाली, "बाबा घोरतात ना!"