स्ट्रेचरच्या उशाशी

पावसाळा संपून गेला होता, पण त्याचा शीण वसुंधराच्या अंगातून गेला नव्हता. पनवेलच्या आसपासच्या डोंगरांत दर पावसाळ्यात कुणी ना कुणी वाट चुकतं, घसरतं, वाहून जातं. आणि बचाव पथकाचा फोन आला की खांदा कॉलनीतल्या घरातून दोर आणि हेल्मेट घेऊन ती निघते. बँकेतली नोकरी सांभाळून ती इतकी वर्षं हे करत आली होती. या वर्षी मात्र तिनं मनाशी ठरवलं होतं, नव्या स्वयंसेवकांची ही तुकडी शिकवून झाली की बास.

प्रबळगडाच्या अलीकडच्या एका टेकडीखाली रविवारी सकाळी सगळे जमले. तिच्यासोबत शिकवायला सत्यजीत होता. नाव-गाव सांगणं चाललं असताना तो तिच्या कानाशी आला.

"ताई, ते पांढरे बूटवाले काका. ओवे गावचे कमळाकर. निकेशचे वडील."

वसुंधरानं त्या माणसाकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, गळ्यात सोन्याची चेन. गेल्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा मित्रांबरोबर धबधब्यावर गेला आणि प्रवाहात वाहून गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या पथकानंच त्याचा देह दरीतून आणला होता. वडिलांना तिनं तेव्हा फक्त लांबून पाहिलं होतं, रस्त्याच्या कडेला, नातेवाइकांच्या गराड्यात.

"त्यांना नको म्हणूया का?" सत्यजीतनं विचारलं.

"म्हण ना."

"तुम्ही म्हणा."

सकाळीच वसुंधरा इतकी थकली होती की एका बापाला परत पाठवायचं बळ तिच्यात नव्हतं. सत्यजीतलाही ते जमलं नाही. कमळाकर राहिले.

आधी दोराच्या गाठी शिकवून झाल्या. मग रानात रांग करून शोध कसा घ्यायचा ते तिनं शिकवलं. हाक मारायची, आणि लगेच सगळ्यांनी पाय थांबवून ऐकायचं. विचुंब्याच्या नव्या सोसायटीत राहणारी मिताली हौशीनं एकामागून एक हाका मारत सुटली.

"अगं, तूच ओरडत राहिलीस तर त्याचं उत्तर कसं ऐकू येणार?" वसुंधरा म्हणाली. "जखमी माणसाचा आवाज बारीक असतो. गप्प राहणं हेच अर्धं काम."

कमळाकरांची पाळी आली. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. रांग थांबून राहिली. वसुंधरा त्यांच्याजवळ गेली.

"भाऊ, तुम्ही जरा सावलीत बसता का?"

"बसाया नाय आलो मी," ते म्हणाले. मग खाकरून त्यांनी हाक मारली, कशीबशी, आणि सगळ्यांबरोबर कान देऊन उभे राहिले.

दुपारी स्ट्रेचर काढलं. ऊन चांगलंच तापलं होतं. सत्यजीतनं पट्टे दाखवले, सहा जणांनी कसं धरायचं ते दाखवलं. "आणि सातवा माणूस उशाशी," वसुंधरानं सांगितलं. "त्यानं उचलायचं नाही. जखमी माणसाशी बोलत राहायचं. तो बांधलेला असतो, त्याला आभाळाशिवाय काही दिसत नाही. धक्का बसायच्या आधी त्याला सांगायचं."

"झोपणार कोण?" सत्यजीतनं विचारलं.

"मना टाका त्याच्यात," कमळाकर म्हणाले.

"काका, पोरांचे खांदे निखळतील हो."

"का? जाडा मानूस पडत नाय का डोंगरात?"

सगळे हसले. तेही थोडे हसले, बूट काढून आडवे झाले. मितालीनं पट्टे आवळले. वसुंधरा उशाशी उभी राहिली आणि पोरांनी त्यांना उचललं.

उतार दगडांचा होता. पोरं धापा टाकत होती, पाय चुकत होते. "आता दगड आहे, भाऊ, जरा हलेल," वसुंधरा सांगत होती. "झालं. आता डावीकडे वळतोय." बोलून बोलून तिचा घसा कोरडा पडला होता. कमळाकर उघड्या डोळ्यांनी वर बघत होते. निम्म्या वाटेवर ते एकदम म्हणाले, "थांबवा."

स्ट्रेचर खाली ठेवलं. ते घाबरले असतील असं वाटून वसुंधरा घाईनं पट्टा सोडू लागली.

"सोडू नका," ते म्हणाले. "इचारायचा हाय. माज्या पोराला असाच आनला?"

पोरं जागच्या जागी उभी राहिली.

"हो," वसुंधरा म्हणाली.

"तुमी व्हत्या?"

"होते. उशाशी मीच होते."

"मंग तुमी बोललात त्याच्याशी?"

वसुंधरा त्यांच्याजवळ दगडावर बसली. समजुतीचं काही रचून सांगण्याइतकी उमेद तिच्यात नव्हती.

"भाऊ, आम्ही पोचलो तेव्हा तो गेलेला होता."

"ठाव हाय मना. त्ये नाय इचारत मी."

तिला तो उतार आठवला, चिखल, हातातून निसटणारा दोर, झाकलेला चेहरा.

"बोलले," ती म्हणाली. "ठरवून नाही. इतक्या वर्षांची सवय. आता दगड आहे, आता सपाटी आली, असं. बरोबरची माणसं माझ्याकडे बघायला लागली, म्हणून मी गप्प झाले. पण थोडं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाले. खाली रस्त्यापर्यंत बोलत होते."

"नाव घिऊन?"

"नाव घेऊन. मित्रांनी सांगितलं होतं. निकेश, आता पोचलोच, असं म्हणाले."

कमळाकरांनी डोळे मिटले. हात बांधलेले असल्यानं त्यांना डोळे पुसता येईनात. पाणी ओघळून कानांत गेलं. मितालीनं वाकून आपल्या रुमालानं त्यांचा चेहरा पुसला.

मग ते म्हणाले, "मालू रोज इचारते मना. पोराची आय. आपला पोरगा येकटाच व्हता का वो, असा इचारते. मी काय सांगू? मना काय ठाव? आता सांगन तिला."

"सांगा," वसुंधरा म्हणाली. "वाटलं तर त्यांना माझ्याकडे घेऊन या."

"उचला आता," ते पोरांना म्हणाले. "उन्हात किती येळ ठेवता?"

पोरांनी उचललं. खालपर्यंत वसुंधरा बोलत राहिली.

संध्याकाळी सामान जीपमध्ये भरताना तिनं सत्यजीतला सांगितलं, ही तुकडी पुरी करते, पुढे मला बोलावू नका. तो दोराचं वेटोळं करत राहिला. "आजच्यामुळे?" त्यानं विचारलं.

"नाही रे. दमलेय."

त्यानं आग्रह केला नाही. याचं तिला बरं वाटलं.

कमळाकर उरलेल्या सगळ्या रविवारी आले आणि शेवटी पथकात दाखल झाले. मालूला घेऊन ते एकदा खांदा कॉलनीतही येऊन गेले. मालूनं तेच सगळं वसुंधराच्या तोंडून पुन्हा ऐकलं, चहा घेतला, आणि जाताना तिचे दोन्ही हात बराच वेळ धरून ठेवले.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी, वसुंधरा बँकेत निघालेली असताना सत्यजीतचा फोन आला. डोंगरात हरवलेली दोन मुलं सापडली होती, चालत खाली आली होती.

"कमळाकरकाका चढले का वर?" तिनं विचारलं.

"नाही. ते वर जातच नाहीत, रस्त्यावर थांबतात. मुलांच्या आईवडिलांपाशी बसून होते पूर्ण वेळ."

"काय बोलत होते त्यांच्याशी?"

"काहीच नाही. नुसते शेजारी बसले होते. मधेच पाणी देत होते."

"बरं," वसुंधरा म्हणाली, आणि रिक्षा थांबवायला तिनं हात वर केला.