कळ आली की निघायचं

शाळेच्या ओसरीवरून ओली गाठोडी डोक्यावर चढली आणि उंबरवाडीची माणसं परत डोंगर चढू लागली. दोन दिवस ती पोराबाळांसह खालच्या गावात दाटीवाटीने राहिली होती. डोंगर खचेल, वाडी रिकामी करा, असा निरोप पुण्याहून लोणावळ्याच्या कचेरीत आला होता आणि कोतवाल भिमाजीने तो वर येऊन सांगितला होता. डोंगर जागच्या जागीच राहिला. राखायला कुणी नव्हतं म्हणून मोकाट जनावरांनी भाताची रोपं मात्र खाल्ली.

सगळ्यात चिडला होता कोंडू, बयाबाईचा धाकटा दीर. पुन्हा निरोप घेऊन आला तर भिमाजीला बांधावरच अडवीन, असं तो वाटभर म्हणत होता. बयाबाई त्याच्या मागून चालत होती. ती वाडीची सुईण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोटी मूल नव्हतं. पण आसपासच्या वाड्यांतली बहुतेक पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

पाऊस जरा उघडल्यावर भिमाजीबरोबर एक तरुण बाई चिखल तुडवत वाडीवर आली. इंदुमती आगाशे. निरोप तिनेच पाठवला होता. पुण्यात तिच्या वेधशाळेच्या कचेरीत उद्या-परवाच्या पावसाचा अंदाज एका खोलीत काढत आणि मागच्या कित्येक वर्षांच्या पावसाचा अभ्यास दुसऱ्या खोलीत चाले. या खोलीचं त्या खोलीला ठाऊक नसे. इंदुमतीने दोन्ही एकत्र आणायचं मनावर घेतलं होतं. डोंगर आधी किती मुरलेला असताना, वर कसा पाऊस कोसळला की दरडी आल्या, हे जुन्या पावसाळ्यांतून शोधायचं आणि येणाऱ्या पावसाशी ताडून बघायचं. मावळात एक पावसाळा हे करून बघायची परवानगी तिने मोठ्या मिनतवारीने मिळवली होती. आणि पहिलाच निरोप फुकट गेला होता.

हे सगळं तिने बयाबाईच्या दारात बसून साध्या शब्दांत सांगितलं. वाडी भोवती जमली होती. लोक बोलतील, कदाचित हाकलतीलही, अशी तयारी करूनच ती आली होती. कोंडूने एवढंच विचारलं, की डोंगर नेमका कधी येणार तो दिवस सांगा.

"दिवस सांगता येत नाही," इंदुमती म्हणाली. "असा पाऊस दहादा आला, तर दोन-तीनदाच दरड येते. कुठल्या खेपेला, ते मला कळत नाही."

"मंजे आमी धाई येळा उठायचं?"

"हो," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

माणसं कुजबुजू लागली. कोंडू उठून चालायला लागला. तेव्हा बयाबाई पहिल्यांदा बोलली.

"मला बोलावनं येतं, कळा सुरू झाल्यात म्हनून. मी जाते. लय येळा कळा खोट्या निघत्यात. बसून बसून माघारी येते. म्हनून फुडच्या खेपेला गेलेच न्हाई, तर?"

कोंडू थांबला, पण वळला नाही. बयाबाईने इंदुमतीकडे पाहिलं. "तुमी निरोप धाडत जावा, बाई. उठवायचं मी बघते."

श्रावणात पावसाने पुन्हा धार धरली. समोरचं माणूस दिसेना. एका दुपारी भिमाजी निथळत वर आला. निरोप तोच होता. या वेळी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती, की पाऊस थांबला तरी कळवल्याशिवाय वर जायचं नाही, मुरलेलं पाणी डोंगराची माती मागाहूनही सोडवतं.

पुष्कळ घरं उठेनात. रोपं दुसऱ्यांदा लावलेली, त्यांना कोण राखणार? बयाबाई दारोदार गेली. कुणाशी वाद घातला नाही. जे घर हटून बसलं, तिथलं सगळ्यात लहान लेकरू तिने उचललं.

"हे माज्या हातावर आलंय," ती म्हणायची. "तुमी बसा हितं. मी ह्याला घिऊन जाते."

आणि खरंच चालू लागायची. मग मागून आई निघे, आईमागून घर. शेवटी कोंडूही उतरला, पुटपुटत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस ओसरला. ढग फाटून ऊन पडलं. व्यायला झालेली गाय वर गोठ्यात बांधलेली राहिली, म्हणून कोंडू अस्वस्थ होता. हा गेलो अन् हा आलो, म्हणाला. बयाबाईने त्याचा हात धरला, निरोपाची आठवण दिली. तिचा हात सोडवून तो गेला.

दगडांच्या गाड्या एकामागून एक रिकाम्या व्हाव्यात तसा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला. डोंगरावर पुन्हा दाटलेलं धुकं निवळलं तेव्हा उंबरवाडी नव्हती. माथ्यापासून ओढ्यापर्यंत लाल चिखल होता. बाकी सगळी वाडी शाळेच्या ओसरीवर उभी राहून ते बघत होती.

कोंडूचा देह सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी इंदुमती आली. स्टेशनपासून पावसात चालत आली होती. कचेरीत तिचं कौतुक झालं होतं. वाडी वाचली, म्हणत होते सगळे. ती बयाबाईसमोर उभी राहिली.

"एक राहिला," एवढंच ती म्हणाली.

बयाबाईने तिला जवळ ओढून खाली बसवलं.

"समदीच हाताला लागत न्हाईत, पोरी," ती म्हणाली. "मला तरी कुटं लागली? एखादं गेलं, त्या दिवशी घरी येऊन लय रडायचं. अन् सांगावा आला की फुडच्या घरी जायचं."

इंदुमतीच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. बयाबाईने पदराची कोरडी बाजू शोधली. इंदुमतीने मान खाली घातली, आणि बयाबाई सावकाश तिचे केस पुसत राहिली.