वायोमिंगची चिठ्ठी

मी बोलतोय. इकडंतिकडं बघू नका, वर बघा. शिक्षक-खोलीतल्या कपाटावर, खडूच्या खोक्यांशेजारी. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा. डोक्यावर झाकण आहे आणि झाकणाला चार बोटं लांब चीर पाडली आहे. पोटावर पांढरा कागद चिकटवून लाल शाईनं लिहिलंय, 'मतपेटी'. अक्षर वनमाला मॅडमचं आहे, म्हणून सुबक आहे.

माझा जन्म लातूरकडच्या एका कारखान्यातला. पोटात सोयाबीनचं तेल घेऊन मी माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या या शाळेत आलो, खिचडीच्या कामाला. तेल संपलं की डब्याचं नशीब ठरलेलं असतं. कुणी त्यात तुळस लावतं, कुणी पाणी तापवतं, कुणी कापून पत्रा सपाट करून कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकतं. मी तिसऱ्या वाटेला लागलोच होतो. तेवढ्यात वनमाला मॅडमनी मला स्वयंपाकघरातून उचललं आणि अकरावीच्या वर्गात टेबलावर आणून ठेवलं.

मॅडम राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवतात. नेमणूक तासिकेवरची, म्हणजे संस्थेच्या मर्जीवरची. यंदा त्यांनी अमेरिका शिकवायला घेतली होती आणि पोरं जांभया देत होती.

"या डब्यात तुमच्या रानातलं सोयाबीन होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याचा भाव वर-खाली होताना व्यापारी कुठं बघतो? शिकागोकडं, अमेरिकेतल्या बाजाराकडं."

"व्हय मॅडम, मोबाइलवर दिसतंय," दिग्विजय म्हणाला. दिग्विजय म्हणजे संस्थेचे अध्यक्ष शांतलिंग अप्पा यांचा मुलगा. अप्पांची जमीन धरणाच्या पाण्यावर भिजणारी, नजर पोचत नाही एवढी. पोरगा वाईट नव्हता. फक्त आयुष्यात त्याला कुणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून वर्ग जागा झाला. चहावरच्या करापायी लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या हे ऐकून पोरं हसली. पण तिथल्या अध्यक्षाची निवडणूक शिकायला आली आणि सगळ्यांची गाडी चिखलात रुतली. जास्त मतं मिळवणारा हरू शकतो, हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

"पाठ करू नका, करून बघा," मॅडम म्हणाल्या. वर्गाचा प्रतिनिधी निवडायचाच होता. तो अमेरिकेच्या पद्धतीनं निवडायचं ठरलं.

नियम असा होता. प्रत्येक गाव म्हणजे एक राज्य. पाच मुलांमागं गावाला एक मत, पाच नसली तरी निदान एक. शिवाय लहान-मोठ्या सगळ्या गावांना सरसकट दोन मतं जास्तीची. ज्या गावात जो पुढं, त्याला त्या गावाची सगळी मतं. गावं कशी पाडायची? मॅडमनी एसटीच्या पासांची यादी घेतली. पासावर जो थांबा, ते गाव. वीस पोरांच्या माकणीला सहा मतं, दहा पोरांच्या सास्तूरला चार, कानेगावच्या सात पोरांना तीन.

आणि चौथा थांबा होता 'अप्पांचा मळा'. तिथून एकटीच मुलगी यायची, आरोही. तिचे वडील बंडप्पा अप्पांचा ट्रॅक्टर चालवायचे, आणि हे कुटुंब मळ्यातल्याच दोन खोल्यांत राहायचं. एकटी असली तरी नियम तो नियम. एक अधिक दोन, तीन मतं.

"आरोही, तू आमचं वायोमिंग," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "अमेरिकेतलं सगळ्यांत कमी लोकवस्तीचं राज्य, तरी मतं तीन." पोरांना नाव फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून आरोही वायोमिंग झाली.

उमेदवार दोन उभे राहिले. एक दिग्विजय आणि दुसरी सास्तूरची सोनाली. सोनाली तोंडानं फटकळ आणि हिशेबाला पक्की. तिचं म्हणणं एकच होतं. शेवटचा तास संपायच्या आधी एसटी निघून जाते, म्हणून बाहेरगावच्या पोरी रोज तो तास बुडवतात. शाळा पंधरा मिनिटं लवकर भरवायची, एवढंच ती मागणार होती. दिग्विजयनं काही मागितलं नाही. त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स मात्र मतदानाच्या आधीच फाट्यावर लागला.

मतदान झालं. चिठ्ठीवर वर गाव लिहायचं आणि खाली नाव. गाव लिहिल्याशिवाय मोजणी होणार कशी? एकेक चिठ्ठी माझ्या पोटात पडत गेली. तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. जन्मभर तेल सांभाळलं, आता भरवसा सांभाळतोय, असा तोरा मी मिरवत होतो. एका पत्र्याच्या डब्याला याहून मोठं काय मिळणार?

आरोहीनं चिठ्ठी टाकताना मात्र बोटं चिरीवर थांबवली. चिठ्ठीच्या आठ घड्या घातल्या होत्या. मला तेव्हा कळलं नाही. ती घाबरली होती.

शनिवारी सकाळी सगळ्यांसमोर मोजणी होती. शांतलिंग अप्पा प्रमुख पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीत बसले. मॅडमनी माझं झाकण उघडलं आणि चिठ्ठ्या गावांप्रमाणे टेबलावर लावायला घेतल्या. माकणीचा ढीग झाला, सास्तूरचा झाला, कानेगावचा झाला. आणि टेबलाच्या कडेला, सगळ्यांपासून लांब, एकच चिठ्ठी उरली.

मॅडमचा हात तिथंच थांबला. जुन्या काळी अमेरिकेत मत सगळ्यांदेखत सांगावं लागायचं, मालक समोर उभा असायचा, म्हणून पुढं गुप्त मतदान आलं. हे पान त्या पुढच्याच आठवड्यात शिकवणार होत्या. आणि त्यांनीच एका मुलीचं एकटीचं गाव केलं होतं.

तरी त्यांनी आधी बाकीचे ढीग मोजले. माकणीत दिग्विजय सतरा, सोनाली तीन. सहा मतं दिग्विजयला. सास्तूर आणि कानेगाव सोनालीकडं गेली. चार आणि तीन, सात. फळ्यावर आकडे लिहिले गेले. सहा विरुद्ध सात. जिंकायला नऊ हवी होती, आणि उरली होती तीन.

आता अख्खा वर्ग आरोहीकडं वळून बघायला लागला. ती बाकाच्या कडेला नखानं ओरखडे काढत बसली होती.

"थांबलात का मॅडम?" अप्पा मोठ्यानं हसले. "उघडा की. ती तर आमच्या मळ्यातली चिठ्ठी. घरचीच हाय."

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. आरोहीची मान आणखी खाली गेली. घरची चिठ्ठी घरच्या माणसाच्या नावाची नसली तर घर राहतं का, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मॅडमनी चिठ्ठी उचलली. मला वाटलं, आता वाचणार. पण त्यांनी माझं झाकण परत लावलं, ती चिठ्ठी न उघडता चिरीतून आत टाकली आणि वर तळहात दाबून धरला.

"ही मोजणी रद्द," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. एका माणसाचं गाव केलं तर त्याचं मत गुप्त राहत नाही. सोमवारी पुन्हा मतदान. चिठ्ठीवर गाव नाही, सरळ एकूण मतं."

अप्पांचं हसू गेलं. "मॅडम, पोरांचा खेळ हाय. एवढं काय त्यात?"

"खेळ आहे, मग राहू द्या की बंद."

"तुमची तासिका पुढच्या वर्षी बी पायजे ना तुमाला?" अप्पा हे अगदी हळू बोलले. पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं आणि मला गेलं.

मॅडमनी माझ्यावरचा हात उचलला नाही.

सोमवारचं मतदान झाकणाच्या बादलीत झालं, कारण माझ्या पोटात ती जुनी चिठ्ठी होती. दिग्विजय वीस मतं घेऊन जिंकला, सोनालीला अठरा पडली. फाट्यावरचा फ्लेक्स वाया गेला नाही.

सोनाली तरातरा शिक्षक-खोलीत आली. "मॅडम, तुमच्यामुळं हरले मी. शनिवारी ती तीन मतं माझीच होती. मला ठाऊक हाय."

"तुला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणालाच ठाऊक नाही. त्यासाठीच तर हरलीस, बाळा. माझ्यावर रागाव, पण तिला विचारू नकोस."

सोनाली रागावली. आठवडाभर मॅडमशी बोलली नाही. आरोहीला मात्र तिनं एका शब्दानं विचारलं नाही. पोर मानी आहे, मला ती तेव्हापासून आवडते.

सोमवारी संध्याकाळीच, शाळा सुटताना मॅडमनी आरोहीला बोलावलं. "ही तुझी चिठ्ठी आहे. घेऊन जा आणि फाडून टाक, नाहीतर ठेव."

आरोही माझ्याकडं बघत राहिली. "घरी कुटं ठिवू मॅडम? घर तरी आमचं कुटं हाय." आणि पुढं म्हणाली, "फाडायची पण न्हाय. पयल्यांदाच दिलंय म्या मत. हितंच राहू द्या."

मॅडमनी माझ्या झाकणाला लाल फीत आवळून बांधली आणि मला या कपाटावर ठेवलं.

सगळं इथं मिटायला हवं होतं. पोरगा जिंकला, फ्लेक्स खरा ठरला, मग अडलं कुठं? पण ज्याला सगळं मिळतं त्याला न मिळालेल्या एका चिठ्ठीची फार खाज असते. हे मी स्वयंपाकघरात असतानाही पाहिलंय. भरल्या ताटावर बसणारा माणूसच कढईत डोकावतो.

मंगळवारी दुपारी बंडप्पा शाळेच्या मैदानावर मुरूम टाकायला ट्रॅक्टर घेऊन आले. वर्ग चालू होते. शिक्षक-खोलीत कुणी नव्हतं. ते दारात उभे राहिले, पायताण बाहेर काढलं आणि आत आले. उंच, वाळका माणूस, हाताला डिझेलचा वास. त्यांनी कपाटावरचं एकेक सामान पाहिलं आणि मला खाली उतरवलं.

मी ओरडलो असतो, पण पत्र्याला आवाज कुणी वाजवल्याशिवाय येत नाही.

त्यांनी फीत सोडली. झाकण निघालं. उजेड आत आला आणि माझ्या तळाशी पडलेली ती आठ घड्यांची चिठ्ठी उघडी पडली. बंडप्पांनी ती तळहातावर घेतली. त्यांना वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकलेले होते. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. पडद्यावर 'मालक' असं नाव आलं. त्यांनी तो उचलला नाही. वाजून वाजून बंद पडला आणि परत वाजायला लागला.

"बाबा."

दारात आरोही होती. वर्गाच्या खिडकीतून तिनं त्यांना आत जाताना पाहिलं असणार. तिनं तळहातावरची चिठ्ठी पाहिली आणि दाराची चौकट घट्ट धरली.

"मालकांनी धाडलंय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बगितली?"

"न्हाय अजून."

"बगा मग. तुमच्यापासून काय लपवायचंय मला."

बंडप्पांनी चिठ्ठी बोटांत फिरवली. एक घडी उलगडली. दुसरी उलगडली. मग थांबले.

"नगं," ते म्हणाले. "बगितली तर मला ठाऊक व्हईल. ठाऊक झालं तर मालक इचारतील, आन मला खोटं बोलाया येत न्हाय. तुझ्या आईला इचार, लगीन ठरतानाबी वय खरं सांगितलं म्या." त्यांनी दोन्ही घड्या पुन्हा नीट बसवल्या, चिठ्ठी माझ्या पोटात ठेवली, झाकण लावलं आणि फीत बांधली. तिसऱ्यांदा वाजणारा फोन मग त्यांनी उचलला.

"मालक, बंडप्पा बोलतोय. व्हय, गावली चिठ्ठी. हातात होती." पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोललं गेलं. बंडप्पांचा दुसरा हात माझ्या झाकणावर होता. "न्हाय मालक. उघडली न्हाय. ... न्हाय, उघडणार बी न्हाय. ती पोरीची हाय."

पलीकडचं बोलणं संपेना. शेवटी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. आरोहीला काही सांगितलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुरूम पसरायला निघून गेले.

याला आज तीन आठवडे झाले. ट्रॅक्टर अजून बंडप्पाच चालवतात. पेरणीच्या तोंडावर चांगला चालक सोडायचा नाही एवढं शहाणपण अप्पांकडं आहे. पेरणी झाल्यावर बघू, असं ते म्हणालेत म्हणे. मॅडमच्या पुढच्या वर्षाच्या तासिकेचंही अजून कुणी बोलत नाही. काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि मला त्याची भीती वाटते.

तुम्ही इतका वेळ ऐकलंत, आता तुम्हालाही वाटत असेल, डबा सगळं सांगतोय तर तेवढंही सांगेल. चिठ्ठी तीन आठवडे माझ्या पोटात आहे. बंडप्पांनी घड्या सैल केल्यापासून ती आत हळूहळू उलगडत गेली, चिरीतून उजेडही येतो, आणि मी पाहिलं. कोणाचं नाव होतं ते मला ठाऊक आहे. विचारा हवं तेवढं, ठोकून बघा, गदागदा हलवून बघा. मतपेटी म्हणून मला एकच काम दिलं होतं, आणि ते मी करतोय.