मैदानाकडे पाठ

माझी बहीण उत्तरा भारताच्या हॉकी संघाची गोलकीपर. तिची सगळी कारकीर्द आमच्या आईने दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात उभं राहून काढली. याला जबाबदार आमचे बाबा.

झालं असं, की उत्तराच्या पहिल्याच परदेशी सामन्यात आई टीव्हीसमोर येऊन बसली आणि तेवढ्यात गोल झाला. मग ती गॅस बंद करायला आत गेली, तर उत्तराने एक अवघड फटका अडवला. केंद्र सरकारात आयुष्य घालवलेल्या बाबांना एवढा पुरावा पुष्कळ झाला. तेव्हापासून बॉल उत्तराच्या दिशेने निघाला की ते ओरडायचे, "हेमा, आत!" आई आत असूनही गोल झालाच, तर म्हणायचे, "तू नक्की डोकावलीस." बिचारी आई कधीच डोकावत नसे. मी कितीदा भांडलो, पण बाबांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

मग उत्तराने निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना दिल्लीतच होता, जर्मनीशी. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, उद्या तू येणारेस. हरलो तर हरलो यार, पण एकदा तरी मला खेळताना बघ."

आईने ठेवणीतली साडी काढली आणि बाबांचा चेहरा पडला. बराच विचार करून त्यांनी तोडगा काढला. आईने यायचं, पण मैदानाकडे पाठ करून बसायचं.

आणि ती बसलीही! मला दोघांचाही संताप आला. मागच्या रांगेतल्या बाई गोंधळल्या.

"आंटीजी, मैच उधर है."

"मालूम है. मेरी बेटी गोलकीपर है, इसलिए इधर मुँह किया है."

बाईंनी एकदा बाबांकडे पाहिलं आणि आईपुढे पॉपकॉर्न धरले. त्यानंतर आईने सगळा सामना त्या बाईंच्या चेहऱ्यावर पाहिला. बाईंनी तोंडावर हात ठेवला की आई डोळे मिटायची. त्या हसल्या की हीही हसायची.

सामना बरोबरीत, संपत आलेला, आणि जर्मनीला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. म्हणजे समोर फटका मारणारी एक आणि गोलमध्ये आमची उत्तरा, मध्ये कुणी नाही. स्टेडियम चिडीचूप झालं. बाईंनी हात जोडले. ते बघून आई उठलीच.

"हेमा, नको हं!" बाबांनी तिचा हात धरला.

"अहो, ती तिथे एकटी उभी आहे," आई म्हणाली, आणि हात सोडवून वळली.

उत्तरा अख्खीच्या अख्खी झेपावली. बॉल तिच्या ग्लव्हला घासून आत गेला. बाबा मटकन खाली बसले. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आमची आई एकटी टाळ्या वाजवत होती.

सामना संपल्यावर उत्तरा हेल्मेट काढून थेट कठड्यापाशी आली. घामाने निथळत होती, डोळे लाल झालेले.

"बघितलंस?"

"बघितलं. पण माझ्यामुळे गोल झाला ना गं?"

"अच्छा? मग मी काय तिथे झोपले होते? ते सोड. कशी खेळले ते सांग."

हा प्रश्न तिने आईला आजवर कधी विचारलाच नव्हता. आईचा चेहरा एकदम फुलला.

"केवढी उडी मारतेस गं! मला माहीतच नव्हतं. आता मी प्रत्येक मॅचला येणार. पुढची कधी आहे?"

उत्तराने ओठ दाबून धरले. मी बाबांकडे पाहिलं. शेवटी बाबाच खालमानेने म्हणाले, "हेमा, विसरलीस का? हीच शेवटची होती."